मिठाच्या डब्यावरची चिठ्ठी

ती. वन्संना नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल असं धरून चालते. माझं बरं आहे. झोप लागते, भूक लागते आणि स्वयंपाकघर तुम्ही आवरून गेलात तसंच लख्ख आहे. (तुमच्यासारखे डबे मला सात जन्मांत घासता येणार नाहीत.)

फक्त एक झालं. ह्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या सवयीने आपल्या डब्यांवरही रासायनिक सूत्रांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्या तुम्ही गरम पाण्यात भिजवून काढल्यात. "हे घर आहे की शाळा, वहिनी?" म्हणालात, मीही हसले. (ह्यांना जाऊन सात महिने झाले. घरात त्यांनी लिहिलेलं तेवढंच होतं. मला पत्र लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.) एकतीस वर्षं आखूड चिठ्ठी म्हणजे मीठ आणि लांबलचक म्हणजे साखर, एवढंच मला ठाऊक. काय लिहिलंय ते विचारायचं राहून गेलं. माणूस घरातच असतो, घाई कसली. त्यात तुम्ही डबे उंचीप्रमाणे लावलेत. परवा ह्यांचा एप्रन द्यायला शाळेतले रसायनाचे सर आले, त्यांच्या चहात मी सवयीने दुसऱ्या डब्यातले दोन चमचे घातले. सभ्य माणूस. अर्धा कप संपवून म्हणाले, "काकू, तुम्ही नाही का घेत?"

मी घोटभर घेतला. खारट. मग विषय बदलायला विचारलं, की त्या आखूड चिठ्ठीचा अर्थ काय. सर खुलले. सोडियम हा धातू, त्याच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तोही नकोसा झालेला. क्लोरीन अधातू, त्याच्याकडे सात. आठ व्हायला एक कमी. सोडियम आपला देऊन टाकतो, क्लोरीन घेतो. देणाऱ्यावर धन भार येतो, घेणाऱ्यावर ऋण. असे झाले की त्यांना आयन म्हणायचं. विरुद्ध भार एकमेकांना धरून ठेवतात, तो आयनिक बंध. (सुटा सोडियम पाण्यात पेटतो, सुटा क्लोरीन विषारी. लग्नाआधी तुमचा भाऊ आणि मी, असं सासूबाई म्हणाल्या असत्या.) मी म्हटलं, म्हणजे नवराबायकोच की. तर म्हणे नाही, खड्यात एकेका सोडियमला सहा क्लोराइड वेढून असतात, आणि एकेका क्लोराइडला सहा सोडियम. म्हणजे एकत्र कुटुंब. कुणाला हलायला जागा नाही. तुमची आठवण आली.

मग विचारलं, मीठ पाण्यात विरघळून दोघं वेगळे झाले, की सोडियम आपला इलेक्ट्रॉन परत मागतो का. नाही म्हणाले. दिला तो दिला. मला ते पटलं. सर पुस्तक ठेवून गेलेत (दुसरा चहा नको म्हणाले), तिसरा धडा चालू आहे. डब्यांवर आता माझ्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत. तेव्हा मनाला लावून घेऊ नका. कागदच होते ते.

तुमची वहिनी

ता. क. तुम्ही निघालात तेव्हा एक चिठ्ठी तुमच्या चष्म्याच्या घराला खालून चिकटलेली दिसली होती. आखूड. तेव्हा बोलले नाही.

पुन्हा ता. क. दिलं ते दिलं, हे सोडियमपुरतं. ती चिठ्ठी मला परत हवी. सोलायला जाऊ नका, फाटेल. चष्म्याच्या घरासकट पाठवा. नवं मी शिवायला घेतलंय.