सान्झारच्या पायातली दोरी

३ एप्रिल
डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. गाडी मुलाला, दाउलेतला देऊन टाकली, सायकल घेतली. तीस वर्षं अल्माटीत ड्रायव्हिंग शिकवलं. अर्ध्या शहराच्या हातात स्टिअरिंग मी दिलं. कुल्याश म्हणाली, म्हणूनच शहराची ही दशा आहे. बायको आहे, बोलणारच. संकल्प: उद्यापासून रस्त्याला शिस्त लावणे.

५ एप्रिल, सकाळ
नातू सान्झार सोफा धरून उभा राहिला. आता पुढच्या महिन्यात, आम्हा कझाकांच्या रीतीप्रमाणे, पहिली पावलं टाकण्याआधी त्याचे पाय बांधून दोरी कापायचा कार्यक्रम. ज्याची चाल बाळानं घ्यावी असं वाटतं, त्याच माणसाच्या हातून ती काळी-पांढरी दोरी कापतात, हे जगजाहीर आहे. सूनबाई आयनाशनं अजून नाव सांगितलेलं नाही. सांगायचंय काय त्यात? भाषण लिहायला घेतलं.

११ एप्रिल
सायकलच्या पट्ट्यात सात गाड्या उभ्या. सातही जणांना काचेवर टकटक करून समज दिली. एक म्हणाला, सर, इथे लावायला तुम्हीच शिकवलंत. चेहरा ओळखीचा वाटला नाही. परतीच्या चढावर दम लागला, सायकल ढकलत आणली. फुटपाथवरून. लोक बाजूलाच होत नाहीत.

२५ एप्रिल, संध्याकाळ
पाऊस. दाउलेतची गाडी मागून घेतली. घराजवळ जागा नव्हती, फुटपाथवर चढवली. रात्रीपुरती. वाटेत सायकलवाले कुठूनही घुसत होते. यांना लायसन्स सक्तीचं करायला हवं.

२६ एप्रिल
शेजारच्या रिसझान आपा सायकलच्या पट्ट्यातून चालत होत्या. फुटपाथवर गाडी आडवी होती हे खरं. कालची, मीच लावलेली. पण तो वेगळा विषय. मी घंटा वाजवली. तीनदा. ब्रेक दाबला असता तर नियमाला अर्थ काय राहिला? आपा रस्त्याकडेच्या पाण्याच्या पाटात पडल्या. मनगट मोडलं. तिथूनच म्हणाल्या, दुइसेन, डोळे घरी ठेवून आलास का रे? वय झालं की माणसं चिडचिडी होतात.

२७ एप्रिल
कुल्याश म्हणते, जाऊन माफी माग. उद्या.

४ मे
गुडघा दुखतोय. माफी पुढच्या आठवड्यात. आयनाश रोज आपांकडे सूप नेते. माझ्याशी बोलत नाही. कार्यक्रमाची गडबड असणार. भाषण आता नऊ मिनिटांचं झालंय.

१७ मे
नवा सूट. चाळीस पाहुणे. सान्झारचे पाय बांधले. मी खिशातून भाषण काढून पुढे झालो. आयनाश म्हणाली, पापा, जरा सरका, आपांना येऊ द्या.

रिसझान आपा आल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं दोरी कापायला बराच वेळ लागला, पण कोणी घाई केली नाही. मी दाउलेतला हळूच विचारलं, हे ठरवलं कोणी? म्हणाला, आयनाशनं. तिचं म्हणणं, पोरगं सावकाश चाललं तरी चालेल, पण समोरच्याला बघून चालू दे.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कागद परत खिशात ठेवला.

मग सान्झार चालला. चार पावलं, पाच, थेट माझ्याकडे. मी वाकून हात पसरले. आयनाश धावत आली आणि त्याला झटकन उचलून कडेला घेतलं, गाडी आली की आया पोरांना घेतात तसं.

मी तर जागचा हललोही नव्हतो.