शेवटच्या गल्लीची ऊब

प्रिय आपा, माझी आई,

तू दही वाळवून केलेला कुरुत पोचला. मी ठणठणीत, खोलीही उबदार. गुडघा कसा आहे तुझा?

यंदा मुलांना हिशेब पैशांत नाही, कोळशात करायला शिकवतोय: एक खोली गरम ठेवायला किती कोळसा जळतो. उदाहरणाला आपल्याच गावच्या, बॉयलरघरातून घरं तापवायला जाणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपांचा नकाशा दिला, पाठ होता म्हणून. वर्गातली आयझिरेक ताडकन म्हणाली, "सर, शेवटच्या गल्लीला पोचेपर्यंत निम्मी ऊब वाटेतच मरते. तोडून टाका की तिकडचा पाइप!"

उत्तर बरोबर होतं. पूर्ण गुण दिले. तिथे तू राहतेस, हे बोललो नाही.

आता ही गोष्ट कानावर गेल्यावर गावच्या बॉयलरघराच्या साहेबांनी ते उत्तर शाळेतून मागवून घेतलंय. बर्फ पडायच्या आत शेणी दुप्पट थापून ठेव. गल्लीत सगळ्यांनाच सांग.

इथे उबेत बसलेला तुझा मुलगा,
एर्मेक