वेगळ्या दोरीवरचे कपडे

आई, आज एका बाईने मला तुझ्याच मनातला प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. माझं काम तुला कधी नीट कळलं नाही, म्हणून आधी ते सांगते. अणुऊर्जेच्या इंजिनिअरिंगला शिष्यवृत्तीवर आलेल्या मुलामुलींना मी प्रत्यक्ष काम शिकवते. किरणोत्सर्ग मोजायचा कसा, शिशाच्या विटा रचून तो अडवायचा कसा, शिकण्यासाठी बांधलेल्या छोट्या अणुभट्टीपाशी वागायचं कसं, हे सगळं पुस्तक मिटून, हाताने करून. मीही अशीच शिकले, तुझ्या हट्टामुळे.

शिष्यवृत्तीचं कळलं तेव्हा तू कळंबच्या घरी चुलीपुढे भाकरी थापत होतीस. फी माफ, राहणं-खाणं त्यांच्याकडे, आणि दर वर्षी प्रयोगशाळेत प्रशिक्षण. काकू दारातच बसलेली. ती म्हणाली, "त्या अणूच्या भट्टीपाशी पोरगी धाडती व्हय? अंगाला लागतं म्हणत्यात ते. उद्या पोरंबाळं झाली न्हाईत म्हंजी?" तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि मला विचारलंस, "हातानं करून शिकवत्यात ना?" मी हो म्हटलं. "मंग जा. अंगाला लागलं तर माजं मी बघून घीन." तुझ्या या बोलण्याचा मला तेव्हा फक्त आनंद झाला.

पहिल्या प्रशिक्षणाहून आले तर तू मला उंबऱ्याबाहेरच उभी केलीस. मयताला जाऊन आल्यासारखी मागच्या अंगणात अंघोळ, तीही कडुलिंबाचा पाला घातलेल्या कढत पाण्याने. बॅगेतले सगळे कपडे, न घातलेलेसुद्धा, काढून घेतलेस. मला राग आला आणि हसूही. "अगं, तिथले कोट तिथेच राहतात. बाहेर पडताना मशीन हातपाय तपासतं. छातीवर बॅज असतो, तो सगळं टिपतो. काही निघालं नाही माझ्यावर," मी परत परत सांगत होते. "आसंल," म्हणालीस आणि पदर खोचून धुण्याच्या दगडापाशी बसलीस. वहिनी मदतीला आली तर तिच्यावर खेकसलीस, "तू हात लावू नगंस. तू लेकुरवाळी हायेस." धुण्याचं पाणी तू पार बांधापलीकडे नेऊन ओतायचीस आणि माझे कपडे गोठ्यामागे, वेगळ्या दोरीवर वाळत घालायचीस. माझं शिक्षण संपेपर्यंत प्रत्येक वेळी हेच. मी हॉस्टेलवर मैत्रिणींना तुझी नक्कल करून दाखवायचे, आणि त्या पोट धरून हसायच्या.

मला नोकरी लागून काही वर्षं झाली आणि तुला रक्ताचा आजार निघाला. तुझ्या दहाव्याला काकू कुणाच्या तरी कानात म्हणाली, पण मला ऐकू जाईल अशा बेताने, "पोरीची कापडं धुऊन धुऊन झालं हे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच, नदीकाठी, सगळ्या पाहुण्यांसमोर मी तिला समजावलं की त्या कपड्यांवर काही नव्हतं आणि तुझ्या आजाराचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. ते खरं आहे, आई. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बोलता बोलता मला वहिनीवरचं तुझं ते खेकसणं आठवलं. त्या कपड्यांना विष लागलंय अशी तुझी खात्री होती. म्हणून तू तिला हात लावू देत नव्हतीस. स्वतः मात्र धूत होतीस आणि मला पुन्हा तिकडे पाठवत होतीस.

तेव्हापासून तू माझी पाठ सोडत नाहीस. प्रशिक्षण संपवून मुली कोट काढतात, टोपलीत टाकतात, आणि मला दगडावर कपडा आपटल्याचा आवाज येतो. मी वळून बघते. तिथे ना दगड, ना पाणी. भीती वाटते गं. मागे घरी गेले तेव्हा माझं मोजायचं यंत्र बरोबर नेलं आणि तुझ्या त्या दगडावर धरलं. कुठेही दाखवतं तेवढंच त्याने दाखवलं. तरी मी ते घेऊन बांधापर्यंत चालत गेले. "काय हुडकताय, ताई?" वहिनीने विचारलं. मी काहीतरी थाप मारली.

आजची बाई जुन्नरची, आपल्या कळंबच्या जवळची. बाजारपेठेत तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि त्यांची मुलगी यंदा शिष्यवृत्तीवर आमच्याकडे आली आहे. तिला सोडायला आई इतक्या लांब आलेली. "मॅडम, तुमी कळंबच्या म्हणं? मंग आपल्याच की. एक विचारू का? हिची कापडं घरी आली की निराळी धुवायची का? घरात बारकी पोरं हायेत." मी तिला काचेपलीकडचं सगळं दाखवलं, हातपाय तपासायचं मशीन, कोटांची टोपली. म्हटलं, घरच्या धुण्यातच टाका, काही होत नाही. ती मान डोलवत राहिली. मग फाटकापाशी लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "कापडं पिशवीत बांधून आण. माज्याबिगर कुणाच्या हातात देऊ नगंस." मला तिच्यामागे धावत जावंसं वाटलं. पण गेले नाही.

एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. पुण्याच्या दवाखान्यातली ती दुपार. तुला बोलायलाही धाप लागत होती. माझं मनगट धरून तू विचारलंस, "तुला काय झालं न्हाई ना गं? समदं निघालं ना?" काही नव्हतंच गं आई, हे माझ्या ओठांवर होतं. पण तू इतक्या आशेने माझ्याकडे बघत होतीस. मी म्हणाले, "हो आई. तू सगळं धुऊन काढलंस." तू हसलीस. किती खूश झालीस! तुझा जीव माझ्यापायी जातोय, यावर त्या दुपारी मीच शिक्कामोर्तब केलं, आणि तू ते हसत हसत घेतलंस.

म्हणून हे पत्र मी तुझ्या फोटोपुढे वाचणार नाही, नदीतही सोडणार नाही. न जाणो, तुझ्यापर्यंत पोचलं तर तुला कळेल की त्या कपड्यांवर कधीच काही नव्हतं. ते तुला कळू नये असं मला वाटतं.