कोपराचा रिपोर्ट

२ डिसें.
पाच फेकी. पाचव्या वेळी उजव्या कोपरात, आतल्या बाजूला, कट्‌ झालं. भाला तिरका गेला. सर म्हणाले, खांदा लवकर उघडतेस. करंगळीला मुंग्या. पणदऱ्याला घरी येईपर्यंत एस.टी.त दांडी डाव्या हातानं धरली. निवड चाचणी १८ ला. ही हुकली की माझा वयोगट संपला, मग आबा मला बघायला पाहुणे बोलावणार. तसं ठरलंच आहे आमचं.

५ डिसें.
आईला सांगितलं. हळद गरम करून लावली. म्हणे, "भाकरी थापताना न्हाय दुखत, मग फेकतानाच बरं दुखतं?"
थापतानाही दुखतंय.

८ डिसें.
कॉलेज बुडवून बारामती. एक्स-रेत हाड नीट. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट बघायचं तर सोनोग्राफी कर. सेंटरमध्ये सगळ्या पोटुश्या बायका. भिंतीवर गर्भलिंग निदान होत नाही ही पाटी, जागा मिळाली ती नेमकी तिच्याखाली. मेलं नशीब. शेजारच्या मालनकाकू सुनेला घेऊन आलेल्या.
"एकटीच आलीस व्हय?"
"कोपर दुखतंय काकू."
"आस्सं."
आत डॉक्टरबाईंनी गार जेल लावलं. आधी डावं कोपर, मग उजवं. हात वाकवून बाहेरच्या बाजूला ताण दिला. डावा सांधा जागचा हलला नाही. उजव्यात दोन हाडांमधली काळी फट रुंद होत गेली, मलाही दिसली. लिगामेंट अर्धं फाटलंय. तीन महिने फेक बंद.
"आणि फेकलं तर?"
"उरलेलंही जाईल."
रिपोर्ट पुस्तकात दडवला. सरांनी बघितला तर चाचणीतून नाव कापतील.

११ डिसें.
सरावाला जात नाही, सरांना परीक्षेचं कारण सांगितलंय. डेअरीवर दूध घालायला गेले तर बायका गप्प झाल्या. मालनकाकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही. आबा जेवले नाहीत. आई म्हणाली, "खरं काय ते सांग पोरी." इतका राग आला की रडूच फुटलं. रिपोर्ट दाखवला तर अब्रू वाचते, भाला जातो. नाही दाखवला तर...

१२ डिसें.
दाखवला. आईचं तोंड बघवेना. आबांना इंग्रजी येत नाही.
"ह्यात पोटाचं काय न्हाय ना?"
"न्हाय आबा. कोपराचाय."
उठले ते तडक डेअरीवर. सेक्रेटरीला सगळ्यांसमोर वाचायला लावला. त्यानं वरच्या दोन ओळी वाचल्या. नाव, वय, उजवं कोपर. तेवढ्यानं भागलं. येताना आबांनी जिलेबी आणली. मालनकाकूही येऊन गेल्या, "आमी कुटं काय म्हणालो?" मी जिलेबी खाल्ली नाही. कोपराला झालंय काय, हे घरात अजून कुणी विचारलेलं नाही.

१५ डिसें.
ग्राउंडवर गेले. सरांच्या कानावर आलंच होतं.
"सोनोग्राफी केलीस म्हणे. रिपोर्ट कुठाय?"
"आबांकडं."
सरांनी माझ्या कोपराकडं बघितलं. "दुखतंय का?"
इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.
"नाही सर," मी म्हटलं.
चाचणीच्या फॉर्मवर सरांनी सही केली नाही. म्हणाले, उद्या सकाळी सातला माझ्यासमोर एक फेक, पूर्ण ताकदीनं. मग बघू.
आबा आत्तापासूनच बाहेर भाला गाडीला बांधतायत. म्हणाले, मीबी येतो. तुला फेकताना कधी बघितलंच न्हाय.