आठ आठवड्यांच्या आधी नाही

आई,

सात वर्षांची होईपर्यंत हा शब्द मी तुझ्या बहिणीसाठी वापरत होते. न्यूयॉर्कच्या एअरपोर्टवर एअरहोस्टेसचा हात धरून मी बाहेर आले, तेव्हा तू खाली वाकलीस आणि मी मावशीनं शिकवलं होतं तसे हात जोडून म्हणाले, "नमस्कार, काकू." बाबा हसले. तू हसली नाहीस. माझी बॅग उचललीस आणि म्हणालीस, "चला, पार्किंगची वेळ संपत आलीये." सात वर्षांनी तू मला म्हटलेलं ते पहिलं वाक्य. पुढे कधी विषय निघाला की तू म्हणायचीस, तुला काय आठवणार, लहान होतीस. मला आठवतंय.

जन्म माझा इथलाच. चार महिन्यांची असताना तू मला विमानानं नाशिकला नेलंस आणि मावशीच्या मांडीवर ठेवून दहा दिवसांत परत आलीस. बाबा स्टेट कॉलेज नावाच्या दूरच्या गावात पीएचडी करत होते, तुला न्यू जर्सीतल्या लॅबमध्ये नुकतीच नोकरी लागली होती, सांभाळायला कोणी नव्हतं. दोन वर्षांसाठी, असं ठरलं होतं म्हणे. दोनाची सात कशी झाली हे मला कुणी नीट सांगितलं नाही. आधी तुझं प्रमोशन, मग ग्रीन कार्ड, मग वेस्ट विंडसरचं घर. त्या घरात माझ्यासाठी एक खोली तयार होती, गुलाबी पडद्यांची. पहिला महिनाभर मी तिथे झोपलेच नाही. हॉलमधल्या सोफ्यावर, बूट उशाशी घेऊन झोपायचे, कारण मावशी न्यायला आली तर उशीर नको व्हायला.

मग तो मे महिन्यातला शनिवार. बाबा सामान आणायला एडिसनला गेले होते, आणि मला घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून तू मला लॅबमध्ये घेऊन गेलीस. तू फेरेट सांभाळायचीस. फ्लू माणसाला होतो तसाच त्यांना होतो, म्हणून ते तिथे पाळायचे. मी पिंजऱ्यात डोकावून ओरडले, "मुंगूस!" आणि तू चक्क हसलीस. "मुंगूस नाही ग, फेरेट. पण चुलतभाऊ म्हण हवं तर." खोलीला उग्र, कस्तुरीसारखा वास होता, तोच तुझ्या स्वेटरला यायचा. पिल्लं पाच आठवड्यांची होती, डोळे नुकतेच उघडलेले. एक धडपडत पिंजऱ्यातल्या झोपायच्या पेटीबाहेर आलं की त्यांची आई त्याची मान तोंडात धरून त्याला फरफटत आत न्यायची. ते पुन्हा बाहेर, ती पुन्हा आत. तू पिंजऱ्यात हात घातलास तशी ती फिस्कारली. तेव्हा तू मराठीत, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात तिला म्हणालीस, "थांब ग बाई. कुणी नेत नाही तुझी बाळं."

तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या कुठल्याशा लॅबला ती पिल्लं लगेच सोमवारी हवी होती. तू इंग्लिशमध्ये बोलत होतीस, पण तेवढं इंग्लिश मला एव्हाना कळत होतं. आठ आठवड्यांच्या आधी एकही पिल्लू या खोलीतून बाहेर जाणार नाही, असं तू सांगितलंस. खायला लागली असतील, पण दूध सुटलं म्हणजे आई सुटली असं नसतं. किती जोरात चावायचं, कुठे थांबायचं, हे ती तिच्याकडून शिकतायत अजून. लवकर काढली तर चावरी होतात, घाबरट होतात, मग जन्मभर तशीच राहतात. पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला. तुझा आवाज चढला. "मग माझी तक्रार करा," म्हणून तू फोन आपटलास. तुझी मान लाल झाली होती. इतकं कुणासाठी भांडताना मी तुला त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

परत येताना मी गाडीत पाढे म्हणत होते. मावशीनं पाढे पक्के करून घेतले होते. चार चोक सोळा. मी विचारलं, "मला तू नाशिकला ठेवलंस, तेव्हा मी सोळा आठवड्यांची होते ना?" तू इंडिकेटर देऊन लेन बदललीस. मग म्हणालीस, "म्हणजे आठाच्या दुप्पट झाले की." आणि हसलीस. एकदाच, छोटंसं. त्या हसण्यावर मी पुढे कितीतरी वर्षं काढली. ते हसणं होतं की घशात काही अडकलं होतं, असं माझा नवरा एकदा म्हणाला होता. तो गाडीत नव्हता.

मला मुलगी झाली तेव्हा तू डिंकाचे लाडू घेऊन ओहायोला आलीस. चांगलं केलंस सगळं. बाळाला मालिश, माझं खाणंपिणं. मला फक्त सहा आठवड्यांची रजा होती. एका सकाळी सिंकपाशी बाटल्या धुताना तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "अजून दोन आठवडे मिळतात का बघ ना. बिनपगारी घे."

"म्हणजे आठ होतील, नाही का?" मी म्हणाले.

तू नळ बंद केलास. हात पुसलेस. दुसऱ्या दिवशी तिकीट बदलून घेऊन तू गेलीस, आणि बाळ सहा आठवड्यांचं झालं त्या सोमवारी मी त्याला डे-केअरमधल्या बाईच्या हातात देऊन वेळेवर ऑफिसला पोचले. रागाच्या भरात माणूस किती वक्तशीर असतो.

तुला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. हे पत्र लपवून ठेवायचीही गरज नाही. टेबलावर पडून राहिलं तरी चालेल, माझ्या मुलीला मराठी वाचता येत नाही. तुला मी माफ केलेलं नाही. तू माफी मागितलीही नव्हतीस, त्यामुळे तो प्रश्नच नाही. पण हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या गुरुवारी, जेवणाचा ट्रे बाजूला सारून तू विचारलंस, "आज थोडी थांबतेस का?" आणि मी म्हणाले, मीटिंग आहे. मीटिंग नव्हती, आई. मी तीन मजले खाली कॅफेटेरियात बसून चार वाजेपर्यंत कुणीतरी टाकून गेलेला पेपर वाचत होते.