ऑपरेशनआधीची गोष्ट

४ फेब्रुवारी २०१४

आज ऋताची चाचणी झाली. आकडीचे झटके जिथून येतात तो डाव्या बाजूचा थोडा मेंदू काढायचा, तर आधी तिची आठवण तपासतात म्हणे. इकडे हिंदी मुलखात चाचणीवाल्या बाई चक्क नागपूरच्या निघाल्या. शेखर खूश! कोणत्या भाषेत घेऊ, म्हणाल्या, तर हा छाती फुगवून, "आमच्या घरी मराठीच चालते, मॅडम." चालते — आम्हा नवराबायकोची! पोरगी उत्तर हिंदीतच देते, ते याच्या कानांवर पडतच नाही. बाईंनी एक गोष्ट वाचली, परत सांग म्हणाल्या. ऋता गप्प.

७ फेब्रुवारी

निकाल — शब्दांची आठवण कच्ची. डॉक्टर म्हणाले, त्या बाजूला गमावण्यासारखं फारसं नाही, करून टाकू. माझ्या एवढ्या चुणचुणीत पोरीबद्दल! घरी येऊन रडले.

९ फेब्रुवारी

पंडरीच्या कापडबाजारात तिच्यासाठी सैल फ्रॉकचं कापड घेतलं. दुकानदार भैय्यालाल कापड मोजत होता तेवढ्यात ऋताने त्याला गोष्ट ऐकवली. तीच, चाचणीतली! बाजारात बाईची पिशवी हरवते, पिशवीत चाव्या, निळी छत्री, पेरू. काही म्हणता काही सुटलं नाही — सगळं हिंदीत.

मॅडमना का नाही सांगितलीस, विचारलं.

"मराठी में बोलना था ना. गलत हो जाता तो बाबा को बुरा लगता."

१३ फेब्रुवारी

पुन्हा चाचणी, हिंदीत. आठवण उत्तम. पण डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. म्हणजे आता गमावण्यासारखं आहे. शब्द, आठवण, दोन्ही थोडी घटू शकतात. आणि नाही केलं तर झटकेच हळूहळू तेच करतील. कमी भाग काढू म्हणाले. शेखर जेवला नाही. एवढंच म्हणाला, "मले वाटलं, मराठी येते तिले."

१४ फेब्रुवारी

ऋतालाच विचारलं.

"झटका नहीं आएगा ना? तो कर दो."

होकार कळवला. मला भीती वाटते आहे.

२६ फेब्रुवारी

परवा ऑपरेशन झालं. झटका नाही. आज चमचा दाखवला — "वो... खाने वाला." हसून बघितलं तिच्याकडे, मग बाहेर बाकावर जाऊन बसले.

३ मार्च

शेखर तिच्या उशाशी बसून पिशवीची गोष्ट सांगत होता. हिंदीत! दिवसभर ऑफिसात हिंदी बोलणारा हा माणूस, पोरीशी पहिल्यांदाच. "थैली में चाबी थी, लाल छाता था..."

ऋताने डोळेही उघडले नाहीत.

"नीला, बाबा."