बिनटोपीची नळी

९ नोव्हेंबर

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, चिमीला पापा. मी धडधाकट आहे. पाकीट बघून तुला वाटलं असेल, सुटली याची सहावी नोकरी. नाही! प्रयोगशाळेत काचसामान धुतोय, आठ महिने झाले.

आमच्या बाई रसायनवाल्या. काय माणूस आहे, सांगू! रोग्याच्या गाठीचा तुकडा येतो. पेशीत म्हणे सगळं चार अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि त्यातल्या एका अक्षरावर कुठेकुठे बारीकशी टोपी असते. दिसत नाही. बाई त्यावर एक रसायन घालतात. बिनटोपीचं अक्षर पार बदलतं, टोपीवालं जागचं हलत नाही. टोप्या कुठे आहेत ते बघून डॉक्टर औषध ठरवतात.

मागच्या आठवड्यात बघावं तिथे टोप्याच टोप्या. मदतनीस म्हणाला, "पाठवू का निकाल?" पण बाई दरवेळी एक नळी अशी लावतात, जिच्यात टोपी नाहीच हे आधीच ठाऊक असतं. तिच्यातही टोप्या, म्हणजे बिनटोपीचं अक्षर बदललंच नव्हतं! "रसायनच मेलंय," म्हणाल्या, आणि आठवड्याचं काम स्वतःच्या हातानं बाद केलं. वर वही चाळत बसल्या, "माझ्याच हातून राहिलं असेल काहीतरी." असं माणूस मी पाहिलं नव्हतं.

दादा, ती बाटली मी उघडली होती. नुसता वास बघायला. झाकण घट्ट लावलं नाही, दोन दिवस हवा लागली. मी पिशवी भरली, फाटकापर्यंत गेलो. आणि परत फिरलो.

"बाई, ते मी केलं."

"वास कसा होता?"

"विझलेल्या काडीसारखा. नाक जळालं."

"वास येतो म्हणजे ते उडून चाललंय. जा, नवी बाटली आण. यापुढे नाक मला विचारून खुपसायचं."

सगळं काम पुन्हा केलं. चौघा रोग्यांपैकी तिघांच्या तुकड्यांत टोपी नव्हतीच. चुकीचं औषध गेलं असतं रे.

आता आपण दोघं कामाला होतो त्या छापखान्याचं. त्या संध्याकाळी मशीनचे शाईचे रूळ धुवायचे माझ्याकडे होते. मी न धुता हुंदडायला गेलो, शाई वाळली, मशीन बसलं. मालकानं तुला काढलं, तेव्हा मी दाराआडच होतो. तू म्हणालास, "माझ्याच हातून राहिलं असेल." तुला ठाऊक होतं ना?

असं माणूस पाहिलं नव्हतं, हे वर लिहिलंय ते खोटं. घरातच होतं.

रविवारी येतोय. आधी मालकाकडे जाईन, मग तुझ्या दारात.

फाटकातून परत फिरलेला,
तुझा धाकटा